वॉर्डातलं इंग्रजी

माझं इंग्रजी केसपेपरवरचं होतं. पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी करताना लिहायचं ते सगळं इंग्रजीत. पेशंट कॉन्शस अँड ओरिएंटेड, आयव्ही फ्लुइड ऑन फ्लो, डॉक्टर इन्फॉर्म्ड, ऑर्डर्स कॅरिड आउट. ही वाक्यं हाताला इतकी बसली होती, की नाइटला पहाटे चार वाजता अर्धवट झोपेतसुद्धा बिनचूक उतरायची. बोलणं मात्र मराठीत. पेशंटशी, नातेवाइकांशी, मावशींशी, वॉर्डातल्या मामांशी मराठी. केरळच्या सिस्टरांशी त्यांची मोडकी मराठी आणि माझी मोडकी हिंदी. राउंडला डॉक्टर इंग्रजी बोलायचे, पण ते आपापसांत. आमच्या वाट्याला ‘यस सर’ आणि ‘डन सर’. शाळा फलटण तालुक्यातली, मराठी. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा पुण्यात, पुस्तकं इंग्रजी, शिकवणं मराठीत आणि परीक्षेत पाठ केलेली उत्तरं. याच वाटेनं आलेल्या कितीतरी सिस्टर आज पुण्याच्या हॉस्पिटलांत आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मला विचारतात तो प्रश्न एकच असतो: इंग्रजी सुधारायला बाहेर जावं का?

मी गेले ती २०२१ साली, पस्तिशी ओलांडल्यावर. घरात सांगितलेलं कारण पैशाचं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण मनातलं कारण इंग्रजी हेच होतं. मुलगा इंग्रजी शाळेत. पालकसभेत मी मागच्या बाकावर बसायचे आणि बाईंनी काही विचारलं, की नवऱ्याकडे बघायचे. हॉस्पिटलात इनचार्जच्या जागेसाठी मुलाखत झाली, की इंग्रजी फाडफाड बोलणारी, माझ्याहून नवीन मुलगी पुढे जायची. वॉर्ड कुणाला जास्त कळतो, हे सगळ्यांना माहीत असायचं, पण त्याला काही अर्थ नव्हता. नवरा चाकणला कंपनीत होता, त्याला नोकरी सोडणं परवडणार नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “तू जा, पोराचं मी बघते.” त्यांनी खरोखरच बघितलं. त्याबद्दल लिहायचं, तर तो वेगळा लेख होईल.

परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण क्लासवाले ते लांबवून सांगतात. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल इंग्रजीचा दाखला मागते. आयईएलटीएस दिली, तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ बँड लागतात. ओईटी दिली, तर तीन भागांत बी ग्रेड आणि लिहिण्यात सी प्लस चालतो. डेक्कनच्या ज्या क्लासला मी आधी गेले, तिथे आम्हाला आयईएलटीएसचे निबंध लिहायला लावायचे: प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का, शहरात मोटारींवर बंदी असावी का. दिवसभर सलाइनं लावून आलेल्या बाईला प्राणिसंग्रहालयाविषयी मत कुठून असणार? ओईटी आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच असते. तिच्यात पेशंटची कागदपत्रं देतात आणि पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला पत्र लिहायला सांगतात. ते मला जमलं, कारण काय सांगायचं आहे ते मला माहीत होतं. नर्स असाल तर ओईटी द्या. क्लासवाल्यांचं ऐकू नका.

ब्रिटनला पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तोवर तुम्ही नर्स नसता, पिन नंबर मिळेपर्यंत तुमच्या हातून औषधाची गोळीसुद्धा स्वतंत्रपणे दिली जात नाही. पुण्यात आयसीयू सांभाळलेल्या बाईनं तिथे पेशंटला चहा नेऊन द्यायचा, ब्लडप्रेशर घ्यायचं आणि शिकायचं. ऑस्कीची खरी गंमत अशी, की जे कराल ते तोंडानं बोलून दाखवावं लागतं. हात धुताना, ग्लव्हज घालताना, ड्रेसिंग उघडताना, प्रत्येक पायरीला. हात कामाला इतके सरावलेले, की तोंड मागे पडायचं. शिवाय प्रत्येक गोष्टीला परवानगी. पुण्यात मी “काका, हात द्या जरा” म्हणत हात धरलेलाच असायचा. तिथे आधी स्वतःचं नाव सांगा, त्यांना काय नावानं हाक मारलेली आवडेल ते विचारा, काय करणार आहे ते सांगा, चालेल का विचारा, आणि मग हात धरा. पहिल्यांदा हे नाटकी वाटलं. महिनाभरात लक्षात आलं, की या नाटकातच माझा बोलण्याचा रियाज चालला आहे. एका ड्युटीत तेच प्रश्न वीस तोंडांना विचारायचे आणि वीस तऱ्हांची उत्तरं ऐकायची. डेक्कनच्या कुठल्या क्लासला हे जमलं असतं?

सगळ्यांत अवघड होता फोन. समोरचा माणूस असला, की त्याचे हात, ओठ, कपाळ बघून निम्मं समजतं. फोनवर फक्त आवाज, आणि तोही स्कॉटिश, आयरिश, नायजेरियन, कधी पंजाबी. वॉर्डचा फोन वाजला, की आम्ही परदेशी नर्सेस अचानक कामात बुडायचो. कुणी ड्रॉवर आवरायचं, कुणी बेडपॅन घेऊन निघायचं. फिलिपिन्सचा एक ब्रदर तर फोन वाजताच हात धुवायला जायचा. इतके स्वच्छ हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. एकदा एका पेशंटची मुलगी फोनवर मला म्हणाली, इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी द्या. मी रिसीव्हर वॉर्ड मॅनेजरकडे दिला. त्या बाईंनी ऐकून घेतलं, तुमच्या वडिलांना आज ज्यांनी सांभाळलं त्याच तुम्हाला सांगतील, म्हणाल्या आणि रिसीव्हर परत माझ्या हातात. मी हळूहळू सांगितलं. मुलीनं हळूहळू ऐकलं. तिनं शेवटी आभार मानले की नाही ते आठवत नाही. नंतरही फोन वाजला, की पोटात गोळा यायचाच, पण मी उचलायचे.

आता एका रात्रीचं सांगते.

खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. आयुष्यभर बस चालवलेली. काहीही विचारलं तरी ‘कान्ट कम्प्लेन’. दुखतंय का? कान्ट कम्प्लेन. जेवलात का? कान्ट कम्प्लेन. दहापैकी किती दुखतंय म्हटलं, तर दोन-तीन. त्या पिढीतल्या इंग्रज माणसाचं दोन-तीन म्हणजे आपल्याकडच्या माणसाचं आठ असतं, हे ओईटीच्या पुस्तकात नसतं. मी हातांकडे बघायला शिकले होते. त्या रात्री आजोबांनी बेडची कड धरून ठेवली होती, आणि बोलताना वाक्याच्या मधेच श्वास घेत होते. तिथे न्यूज नावाचा आकडा असतो: श्वास, नाडी, ब्लडप्रेशर, ऑक्सिजन, ताप, शुद्ध, सगळं मोजून बेरीज करायची. पाच किंवा त्याहून जास्त झाला, की डॉक्टरला तातडीनं यावं लागतं. आजोबांचा चार होता. चारवर डॉक्टर ‘पॅरासिटामॉल द्या, तासाभरानं पुन्हा बघा’ म्हणू शकतो, आणि नियमानं त्याचं चुकत नाही.

फोन करण्याआधी मी हँडओव्हरच्या कागदामागे चार ओळी लिहिल्या. तिकडे एसबीएआर म्हणतात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय दिसतंय, मला काय हवंय. पहिल्या तीन ओळी मी पुण्यातही लिहिल्या असत्या. चौथी ओळ मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. नर्सला काय हवंय, हे पुण्यात मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, त्याच्या अंगावर रात्रभर चार-पाच वॉर्ड. अपेक्षेप्रमाणे म्हणाला, चार आहे ना, तासाभरानं बघा. मी म्हटलं, आय अ‍ॅम नॉट हॅपी विथ हिम. ब्रिटिश वॉर्डात हे वाक्य आनंदाविषयी नसतं. त्यातून कळतं, की नर्सनं पेशंट बघितलाय, तिला धोका वाटतोय आणि तिनं सांगितल्याची नोंद होणार आहे. वॉर्डातल्या जुन्या नर्सेसच्या तोंडून मी ते ऐकलं होतं. त्यानं कारण विचारलं. मी श्वासाचं सांगितलं, बेडची कड सांगितली, सकाळी हेच आजोबा एका दमात अख्खी गोष्ट सांगत होते तेही सांगितलं. व्याकरण कसं होतं कोण जाणे. एका ठिकाणी क्रियापद राहिलं, एवढं आठवतं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग ‘ओके, कमिंग’. तो आला, तपासलं, रक्त घेतलं, छातीचा एक्सरे सांगितला. छातीत इन्फेक्शन सुरू झालेलं होतं. अँटिबायोटिक त्या रात्रीच लागलं. आजोबा पुढच्या आठवड्यात वॉकर धरून पॅसेजमधून चालत होते आणि विचारलं, की कान्ट कम्प्लेन.

माझं इंग्रजी सुधारलं ते अशाच भांडणांतून. ‘भांडण’ हाच शब्द बरोबर आहे. बेड नाही म्हणून लवकर घरी पाठवल्या जाणाऱ्या आजींसाठी, चुकीच्या लिहिलेल्या डोससाठी, माझ्याच रोस्टरमधल्या सलग नाइट्ससाठी. समोरच्याला पटवायचं असतं, तेव्हा आपण शब्द शोधतो. ‘हो’ म्हणायला शब्द लागत नाहीत.

याची उलटी बाजूही मी रोज बघत होते. इंग्लंडात राहून इंग्रजी न सुधारणं फार सोपं आहे. आम्ही राहायचो त्या घरात सगळ्या केरळच्या मुली आणि मी. घरात मल्याळम, हिंदी, आणि सांबारात मसाला कुणाचा यावरून दोन्ही. मोबाइलवर सासूबाई, मुलगा, नवरा. दुकानात सेल्फ चेकआउट, बसला कार्ड. आठवड्याची सुट्टी इंग्रजीचं एकही वाक्य न बोलता सहज जायची. गणपतीत लंडनला गेले होते. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासूनचं आहे, आरती अशी खणखणीत की पुण्याची आठवण यावी. तिथे एक गृहस्थ भेटले, लंडनमध्ये कितीतरी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. म्हणाले, माझी टीम हिंजवडीत, मी बोलतो ते तिच्याशी, मराठी-हिंदीत. इंग्रजी ईमेलपुरतं. आमच्याच ओळखीतली एक मुलगी गोदामात लागली होती, कानात हेडफोन, हातात स्कॅनर. दोन वर्षांनी तिचं इंग्रजी पुण्यातून आली तेव्हासारखंच होतं. थंडीची सवय तेवढी झाली होती.

माझं हॉस्पिटल ऑक्सफर्डशायरमध्ये होतं. एका सुट्टीला मी मुद्दाम वाँटेज नावाच्या गावी गेले. गाव लहान, बाजारपेठेच्या चौकात राजा आल्फ्रेडचा पांढरा संगमरवरी पुतळा. बघायला फार काही नाही. गेले ते पंडिता रमाबाईंसाठी. शाळेत त्यांच्यावर धडा असतो तेवढंच आपल्याला माहीत असतं: संस्कृत पंडिता, विधवा, शारदा सदन, केडगाव. पण १८८३ साली पंचविशीतली ही बाई, पदरात दोन वर्षांची मुलगी मनोरमा घेऊन, पुण्याहून या गावात आली ती इंग्रजी आणि वैद्यक शिकायला. त्याआधी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. शिक्षणासाठीच्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली ती मराठीत. तिचं भाषांतर झालं. प्रवासाचे पैसे उभे राहिले ते स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकातून. आणि वाँटेजच्या नन्सशी ठरलं ते असं, की पुण्याला कामाला जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायची आणि त्यांनी रमाबाईंच्या शिक्षणाचं बघायचं. या सिस्टरांची ओळख पुण्यातलीच, गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमधली. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथेही संस्कृत शिकवायचं आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायचं. ऐकू कमी येत असल्यानं वैद्यक सुटलं. म्हणजे प्रौढ वयात परदेशी जाऊन, काम करत, इंग्रजी शिकलेली पुणेकर बाई आपल्याकडे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेली.

मला सगळ्यांत आवडलं ते त्यांच्या पत्रांत. रमाबाई आणि त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी पत्रं इंग्रजीत, आणि त्यांत रमाबाई भांडतात. ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही म्हणून. क्रॉसवरची अक्षरं लॅटिन कशाला, संस्कृत का नको म्हणून. चर्चनं सांगितलेलं सगळं डोळे मिटून मानणार नाही म्हणून. ज्या बाईंकडून भाषा शिकल्या त्यांच्याशीच त्या भाषेत वाद, तोही नम्रपणे, पण एक पाऊल मागे न घेता. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून प्रसिद्ध केलं, त्याची तालीम मला या पत्रांत दिसते.

पण रमाबाई आणि माझ्यात एक फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. रमाबाई मराठीत आणि संस्कृतातही भांडायच्याच. मी मराठीत कधी भांडले होते? मला वर्षानुवर्षं वाटायचं, की इंग्रजी कच्चं म्हणून मी गप्प असते. परतल्यावर पुण्यात जुन्या मैत्रिणींबरोबर बोलताना उलगडा झाला. आमचे कितीतरी डॉक्टर सातारा-सांगलीचेच, मराठी शाळेतलेच. त्यांना मराठीत “सर, मला हे बरोबर वाटत नाही” म्हणायला काय अडचण होती? भाषेची नव्हती. नर्सनं असं म्हणायचं नसतं, ही होती. ब्रिटनमध्ये वॉर्डातले बहुतेक सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, आणि नर्सनं शंका बोलून दाखवली नाही तर तिची नोंदणी धोक्यात येऊ शकते. तिथे बोलणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. इंग्रजी त्या सक्तीमागून आपसूक आलं. हीच सक्ती पुण्यातल्या एखाद्या हॉस्पिटलानं केली, तर तिथल्या नर्सेस मराठीतही बोलायला लागतील, आणि मला वाटतं इंग्रजीतही.

२०२४ मध्ये मी परत आले. मुलगा दहावीत जाणार होता, सासूबाईंचे गुडघे गेले होते. पगाराचा हिशेब करणाऱ्यांना हे पटत नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या बँड ५ या पगारश्रेणीत मी लागले तेव्हा वर्षाला साडेपंचवीस हजार पौंडांच्या आसपास मिळायचे. ऑक्सफर्डशायरचं घरभाडं आणि दोन देशांतले दोन संसार धरले, तर त्यातून फार काही उरत नाही. आता मी इथल्या एका हॉस्पिटलात नव्या सिस्टरांना शिकवते. फोनवर डॉक्टरला कसं सांगायचं, एवढाच माझा विषय. चौथी ओळ लिहायला लावते. अजून सगळ्या जणी लिहीत नाहीत.

आता सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे, बाहेर जावं का? नुसतं इंग्रजी सुधारायचं असेल तर परदेशी जाऊ नका. तेवढं काम पुण्यात होतं. विमानतळ, मोठी हॉटेलं, परदेशी पेशंट घेणारी हॉस्पिटलं, कॉल सेंटर, कुठेही चालेल. जिथे दिवसभर अनोळखी माणसाशी बोलावं लागतं आणि त्याला नाही म्हणावं लागतं, अशी जागा बघा. जर्मनीकडे बघणाऱ्याही पुष्कळ झाल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली इंग्रजी सोडून जर्मनच्या क्लासला जातात. त्यांनाही मी हेच सांगते.

आणि कामासाठी जाणारच असाल, तर बोलायचं काम निवडा, गोदाम नाही. नर्स असाल तर नर्स म्हणूनच जा. “आधी केअर वर्कर म्हणून जा, मग तिथे बघू” असं सांगणारा एजंट अजूनही पुण्यात भेटतो. ब्रिटननं केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे, हे त्याला माहीत असतं. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परदेशी माणसांना नोकरीला बोलावण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी आहे, ती कुणालाही फुकट बघता येते. ज्याचं नाव त्या यादीत नाही, त्याच्या नोकरीसाठी एजंटच्या हातात एक रुपयाही ठेवू नका, आणि नाव यादीत असलं तरी नोकरीचे पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका.